वनौषधी-दर्शन सहल : पाहावे, ओळखावे, तोडू नये

आपल्या संघटनेच्या बहुतेक शाखांच्या वार्षिक कार्यक्रमांत 'वनौषधी-दर्शन सहल' हा एक ठरलेला कार्यक्रम असतो. पहाटे निघावे, चार-दोन वनस्पतींची नावे वहीत टिपावीत, वनभोजन करावे, सर्वांनी मिळून छायाचित्र काढावे आणि परतताना पिशवीतून थोडी पाने, थोडी साल, मूठभर बिया घेऊन यावे, असा तिचा साधारण क्रम. विद्यार्थिदशेपासून आम्हीही अशा अनेक सहली केल्या आहेत. गेल्या फेब्रुवारीत चांदोली राष्ट्रीय उद्यानात झालेल्या सहलीनंतर मात्र या क्रमाचा, विशेषतः त्यातील शेवटच्या कृतीचा, फेरविचार व्हावा असे आम्हांस वाटू लागले आहे.

चांदोली हे सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमांवर, वारणेच्या खोऱ्यात पसरलेले सदाहरित व निमसदाहरित जंगल. १९८५ मध्ये अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांपैकी एक, असा त्याचा प्रवास आहे. केळशी-दापोली परिसरातील आम्ही वैद्य व औषधी दुकानदार मिळून तेवीस जण आदल्या दुपारी निघालो, कुंभार्ली घाट चढून कराडास मुक्काम केला आणि सकाळी उद्यानात प्रवेश केला. आमच्या किनाऱ्यावर सुरू, नारळ व पोफळी पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना अंजनी, जांभूळ व पिसा यांचे ते घनदाट छत्र नवे होते. भर दुपारी पायवाटेवर सावली होती. झोळंबीच्या सड्यावर आलो तेव्हाच प्रथम मोकळे आकाश दिसले.

सोबतचा वाटाड्या पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ होता. वाटेत एका जवळजवळ निष्पर्ण वृक्षाखाली थांबून त्याने विचारले, "डाक्टरसायेब, हे झाड वळखलं का?" आम्ही तेवीस जण वर पाहत राहिलो. कोणी ऐन म्हटले, कोणी किंजळ. अखेरीस त्याने पायाखालचे एक वाळके, रेघांचे फळ उचलून तळहातावर ठेवले आणि सर्वांच्या तोंडून एकाच वेळी शब्द निघाला, "हिरडा!" ज्या हरीतकीचे सात प्रकार आणि पाच रस आम्हांस मुखोद्गत आहेत, जिच्यावाचून आमच्या दवाखान्यातील एक दिवस जात नाही, तिचा वृक्ष आम्ही ओळखला नाही. फळ तेवढे ओळखले, कारण ते दुकानात पोत्यात येते.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. त्या हशात एका हाताने चार हिरडे उचलून खिशात टाकले. तो हात आमचाच होता. वाटाड्याने ते पाहिले आणि परत ठेवण्यास सांगितले. "पडलेलीच तर आहेत," असे आम्ही म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "भेकर खातंय ती. त्याच्यातनंच नवं झाड उगवतंय." मग थोडे थांबून, आवाज न चढविता, "आमचं गाव हितंच आत हुतं. आमी अख्खं गाव सोडलं सायेब, तुमी चार हिरडं सोडा की."

आम्ही ते खाली ठेवले. परतीच्या प्रवासात गाडीत नेहमीची गाणी झाली नाहीत.

राष्ट्रीय उद्यानातून काहीही नेण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई आहे, हे आम्हांस ठाऊक होते. तरीही आपण वैद्य आहोत, औषधासाठी घेत आहोत, एवढ्याशा गोष्टीने जंगलाचे काय जाते, असा एक सूक्ष्म अहंकार मनात होता. वनस्पतींवर आपला काही विशेष अधिकार आहे, ही आपल्या व्यवसायातील खोल रुजलेली समजूत आहे आणि आमचा आक्षेप तिच्यावरच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात औषधी नावाने व रूपाने ओळखणारे म्हणून उल्लेख येतो तो अजपालांचा, मेंढपाळांचा, गोपालांचा व वनवासीयांचा. वैद्याचे काम त्यापुढचे, म्हणजे योग जाणण्याचे. पहिली पायरी आपण त्यांच्याकडून शिकावी अशी आचार्यांची अपेक्षा आहे. आपण ती पायरी सोडून दिली आणि अधिकार मात्र ठेवला.

याचे परिणाम केवळ नैतिक नाहीत, ते आपल्या चिकित्सेपर्यंत पोहोचतात. ज्याला झाड ओळखत नाही त्याला साल काय ओळखणार? अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल खपते. वावडिंग म्हणून त्याच कुळातील दुसऱ्या वेलींची फळे येतात. आमच्या कोकणात सुरंगीचा गजरा कोणास ठाऊक नाही? पण त्याच सुरंगीच्या कळ्या वाळवून नागकेशर म्हणून बाजारात जातात, आणि नागचाफ्याचे केसर म्हणून आम्ही त्या रुग्णास देतो. मग गुण आला नाही की दोष शास्त्राला लागतो.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात ९६० वनौषधींचा व्यापार होत होता. त्यांपैकी १७८ वनस्पतींची वार्षिक उलाढाल प्रत्येकी शंभर टनांहून अधिक होती, आणि या १७८ पैकी मुख्यतः लागवडीतून येणाऱ्या अवघ्या ३६. बाकीचा मोठा भार जंगले व पडीक जमिनी यांच्यावर. दशमुळाचेच उदाहरण घ्यावे. बेल, टेटू, शिवण, पाडळ व अग्निमंथ या पाचांचे मूळ हवे, म्हणजे उभे झाड उपटणे आले. आम्ही वीस वर्षे दशमूलारिष्ट लिहितो. एका बाटलीमागे किती झाडे जातात, हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नाही. मधुमेहावर सप्तरंगीचे नाव झाले आणि किनाऱ्यालगतच्या झाडीतून तिची मुळे खणली जाऊ लागली. नरक्या तर आपल्या संहितांतील द्रव्यही नव्हे. कर्करोगावरील आधुनिक औषधांना लागणारे कॅम्प्टोथेसिन त्यात सापडले आणि सह्याद्रीत त्याची चोरटी तोड झाली. एखाद्या झाडाची उपयुक्तता जगास कळणे हेच त्या झाडाचे अरिष्ट ठरावे, याचा विचार वैद्याने करावयाचा नाही तर कोणी?

यावर आमचे व्यवसायबंधू म्हणतील की, ग्रामीण भागातील वैद्याच्या हाती काय आहे? तयार औषध कंपनी बनवते, कच्चे द्रव्य व्यापारी पुरवितो, आणि खऱ्या मालाची किंमत रुग्णास परवडत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. अशोकाचे झाड सालीस येण्यास अनेक वर्षे लागतात, आणि त्याच्या भावात व आसुपालवाच्या भावात फरक पडणारच. परंतु मागणी आपली आहे. आपण लिहितो म्हणून दुकानदार मागवितो आणि दुकानदार मागवितो म्हणून कोणीतरी जंगलात शिरतो. या साखळीचे पहिले टोक आपल्या लेखणीशी आहे. २०२३ मध्ये जैवविविधता कायद्यात दुरुस्ती होऊन नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांना जैवविविधता मंडळास आगाऊ सूचना देण्याच्या बंधनातून सूट मिळाली. तिचे स्वागत झाले. मात्र कायद्याने विश्वास टाकला की जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

म्हणून काही सूचना विचारार्थ मांडतो. एक, संघटनेच्या कोणत्याही सहलीत वनस्पतीचा कोणताही भाग तोडू अथवा उचलू नये. संरक्षित क्षेत्रात तो नियम आहेच, इतरत्र तो आपला शिष्टाचार व्हावा. छायाचित्र व टिपण पुरेसे आहे. दोन, सहल एकदाच न करता एकच ठिकाण तीन ऋतूंत पाहावे. कल्पस्थानात मूळ, साल, पान, फूल यांच्या संग्रहाचे काळ वेगवेगळे सांगितले आहेत. निष्पर्ण हिरडा न ओळखणाऱ्यास त्या कालविभागाचा अर्थ कसा कळावा? त्यासाठी चांदोलीच गाठावी असेही नाही, आपल्या गावोगावच्या देवरहाट्या आहेत. तीन, औषधी दुकानदारांनी कच्चे द्रव्य घेताना बिलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव व मालाचे मूळ ठिकाण मागावे. एकट्याने मागितल्यास व्यापारी हसेल, जिल्ह्यातील सर्वांनी मागितल्यास देईल. चार, मुळाऐवजी साल वा फांद्या वापरता येतील का, यावर चाललेल्या संशोधनाकडे आपण उपेक्षेने पाहू नये. पाच, प्रत्येक शाखेने अशोक, टेटू, सप्तरंगी यांसारखी निदान पाच द्रव्ये स्वतः लावावीत. दापोलीस कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय आपल्या दाराशी आहे.

सहलीहून परतल्यावर आम्ही दवाखान्याच्या मागच्या अंगणात हिरड्याचे एक रोप लावले आहे. त्याची फळे आमच्या हयातीत फारशी वापरता येतील असे नाही. पण दवाखान्यात शिकण्यास येणाऱ्या तरुण वैद्यांना पानगळीतला हिरडा तरी ओळखता येईल. ज्याने आपले गाव सोडले त्याच्यापुढे चार फळांसाठी हात पुढे करण्याचा प्रसंग त्यांच्यावर येऊ नये, एवढीच इच्छा. व्यवसायबंधूंनी आपली मते अवश्य कळवावीत.