हयातीचा दाखला

पस्तीसेक वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावी बँकेत होतो. पेन्शन घेणारी एक विधवा आजी सहा महिने शाखेत फिरकली नव्हती. मुलगा अंगठा उमटवलेली स्लिप आणी. खात्री करायला मी घरी गेलो. आजी पडवीत बाजेवर पडून होती. "न्हाणीत पाय घसरला, साहेब," सून म्हणाली. "हाडवैद्यानं पट्टी बांधली. आता वयच झालंय त्यांचं." एक पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळलेले. मी अंगठा घेतला, 'खातेदार हयात आहे' असा शेरा मारला आणि परतलो. चार महिन्यांनी खाते बंद झाले.

आखूड झालेला, बाहेर वळलेला पाय ही खुबा मोडल्याची ठळक खूण, हे मला फार उशिरा कळले. मांडीच्या हाडाची मान मोडली की वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग लेप-पट्टीने हाड सहसा जुळत नाही. ब्रिटनमध्ये दाखल झाल्याच्या किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी, असा दंडक आहे. त्यानंतर रुग्णाला लगेच उभे करतात. शस्त्रक्रिया टळली की अंथरूणच जीव घेते. पाठीला जखमा, न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या. लोक म्हणतात, म्हातारपणाने गेली.

दोष गरिबीचा खराच. पण गरिबीलाही तिचा हिशेब असतो. बैल लंगडला तर घर धावपळ करी. कमावता मुलगा पडला तर डाग गहाण पडत. म्हातारीच्या पायासाठी कर्ज मागायला माझ्या टेबलाशी कुणी आल्याचे आठवत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजना लागू झाली. कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण. निर्णय चांगलाच आहे. मात्र योजना रुग्णालयाच्या दारात सुरू होते आणि उशीर घरच्या पडवीत होतो. गाडीभाडे कोण देणार, सोबत कोण राहणार, कुणाची मजुरी बुडणार, या चर्चेत आठवडा जातो.

म्हणून वाचकहो, घरातले किंवा शेजारचे वडीलधारे माणूस पडले आणि खुब्यात दुखू लागले, तर पाय चोळू नका. त्याच दिवशी एक्स-रे काढा.

मी आजीच्या हयातीची नोंद केली. पायाचे काय झाले, हा प्रश्न बँकेच्या फॉर्मवर नव्हता. मलाही तो सुचला नाही.