विश्लेषण : रायफल घेऊन विमानप्रवास… पेटी निवडताना काय पाहावे?

दहिसर, बोरिवलीपासून ठाणे, पनवेलपर्यंत नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. राष्ट्रीय स्पर्धा किंवा निवड चाचणी बहुतेकदा दिल्लीत वा भोपाळला. रेल्वेने जायचे तर दिवस मोडतो, म्हणून अनेक पालक विमानाचे तिकीट काढतात. मग प्रश्न येतो रायफल न्यायच्या पेटीचा. पेटी चुकली तर चेक-इन काउंटरवर अडवणूक होते, ऐन स्पर्धेत नेम बिघडतो आणि सर्वांत गंभीर म्हणजे शस्त्र गहाळ होण्याचा धोका राहतो.

शिकारीच्या रायफलचा काय संबंध?

जगभर विकल्या जाणाऱ्या कडक पेट्या मुख्यतः शिकाऱ्यांसाठी बनतात. अमेरिका, कॅनडा अशा देशांत शिकार परवान्याने चालते आणि हंगामात हजारो जण रायफल घेऊन विमानाने जातात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शौकाच्या शिकारीला वावच उरला नाही. दहिसर नदी ज्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून येते, तिथे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणेही गुन्हा आहे. त्यामुळे आपल्याकडे रायफल घेऊन विमानात बसणारा सामान्य नागरिक बहुधा खेळाडूच असतो.

इथेच पहिली चूक होते. शिकारीची रायफल सडपातळ असते. स्पर्धेच्या रायफलीला उंच साइट, गालाचा वरखाली होणारा आधार आणि दस्त्याला मागे आकडा असतो. शिकारीच्या रायफलसाठी केलेल्या उथळ पेटीत ती बसते, पण झाकण दाबून बंद करावे लागते. तो दाब थेट साइटवर येतो. म्हणून पेटीची लांबी पाहण्याआधी खोली मोजावी. आकडा, साइट असे सुटे होणारे भाग काढून मोजमाप घेतले तर लहान पेटीतही काम भागते.

नियम काय सांगतात?

भारतात शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. ४.५ मिलिमीटर (०.१७७ इंच) व्यासाच्या, २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, ०.२२ च्या रायफलला लागतो. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे, हे परराज्यात जाण्याआधी तपासावेच लागते. मात्र विमानतळावर एअर रायफलही शस्त्र म्हणूनच पाहिली जाते.

विमान सुरक्षेच्या नियमांचा गाभा सोपा आहे. शस्त्र केबिनमध्ये नाही, चेक-इन सामानातच. ते रिकामे असले पाहिजे, काडतुसे वेगळी बांधलेली हवीत आणि काउंटरवर आपणहून सांगितले पाहिजे. देशांतर्गत कंपन्या सर्वसाधारण प्रवाशाला बहुधा एक शस्त्र आणि ५० काडतुसांची मर्यादा घालतात. खेळाडूंना त्याहून जास्तीसाठी आगाऊ परवानगी घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार काडतुसांचे वजन माणशी पाच किलोपर्यंत चालते, पण दोघांची काडतुसे एका पेटीत घालता येत नाहीत. परदेशी जाताना मधल्या थांब्याच्या देशाची परवानगीही लागू शकते.

अमेरिकेचा नियम पेटीबाबत सर्वांत स्पष्ट आहे : पेटी कडक, कुलूपबंद आणि सहज उचकटता न येणारी हवी; किल्ली फक्त प्रवाशाकडे. हा निकष कुठल्याही प्रवासाला लावावा.

दुकानात पेटी कशी तपासावी?

पेटीला कुलूप लावून झाकणाचे कोपरे हाताने वर ओढावेत. फटीतून बोटे आत जात असतील तर ती पेटी नको, मग तिची किंमत कितीही असो. पातळ प्लॅस्टिकच्या स्वस्त पेट्या नेमक्या इथेच नापास होतात. मधल्या दोन कड्या घट्ट बसतात, पण टोके वाकतात. कुलपासाठी किमान दोन, लांब पेटीला चार भोके असावीत आणि त्यांना पोलादी कडे असावे. बिजागरीचा खिळा बाहेरून ठोकून काढता येतो का, तेही पाहावे. अॅल्युमिनियमच्या पेटीत रिबिटा सैल होतात. त्या दर प्रवासानंतर तपासाव्यात.

कुलूप साधे, भक्कम आणि स्वतःच्या किल्लीचे असावे. ज्याची किल्ली तपासणी कर्मचाऱ्यांकडेही असते, तसले सूटकेसचे कुलूप रायफलच्या पेटीला टाळलेले बरे. तपासणीसाठी पेटी उघडावी लागली तर ती मालकासमोर उघडली जावी, हाच या व्यवस्थेचा हेतू आहे.

हवाबंद पेटीला दाब सोडणारी झडप हवी. विमानाच्या पोटातला दाब जमिनीपेक्षा कमी असतो. झडप नसेल तर उतरल्यावर झाकण चिकटून बसते.

वजनाचे गणित काय?

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर चेक-इन सामानाची मर्यादा साधारण १५ किलो असते. १० मीटर प्रकारातील एअर रायफलचे कमाल वजन साडेपाच किलो. पेलिकन १७५० ही प्रसिद्ध लांब पेटी फोमसह सुमारे १२ किलोची आहे. म्हणजे कपड्यांची बॅग दूरच, पेटी आणि रायफल मिळूनच मर्यादा ओलांडतात. तिची लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज सुमारे १९० सेंटीमीटर होते. अनेक आंतरराष्ट्रीय कंपन्यांची सामान्य मर्यादा १५८ सेंटीमीटर आहे. तेव्हा पेटीची किंमत ठरवताना दर फेरीचे जादा शुल्कही धरावे. वर्षातून एकदाच विमानाने जाणाऱ्याला मजबूत पण हलकी पेटी परवडते. महिन्याला प्रवास असेल तर जड पेटीचा खर्च वसूल होतो.

मुंबईकरांसाठी आणखी एक मुद्दा. सव्वा मीटरहून लांब पेटी रिक्षात आडवी मावत नाही आणि मेट्रोच्या सुरक्षा तपासणीत शस्त्र अडणारच. दहिसरहून विमानतळ गाठायला मोठी टॅक्सी लागेल, हे आधीच ठरवावे. चाके असलेली पेटी घ्यावी, पण चाके पेटीच्या आत बसवलेली असावीत. बाहेर आलेली चाके सामानाच्या पट्ट्यावर पहिल्यांदा तुटतात. पेटीवर शस्त्र कंपनीचे स्टिकर लावू नये. आत काय आहे, हे जगाला सांगण्याची गरज नाही.

नेमावर परिणाम होतो का?

एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. साइटला बसलेला छोटा धक्काही गुण खातो. म्हणून फोम रायफलच्या आकारात कापलेला हवा. दस्ता आणि नळी हलता कामा नये. बोल्ट आणि साइट काढून वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. एअर रायफलचे सिलिंडर साधारण २०० बार दाबाने भरलेले असते. ते रिकामे करून, रायफलपासून सोडवून न्यावे आणि कंपनीला आधी कळवावे. पावसाळ्यात फोम ओल धरतो. घरी पोचताच रायफल बाहेर काढून पुसावी. महिनाभर पेटीतच राहिली तर गंज ठरलेला.

पेटी चांगली असली की सगळे सुरळीत?

नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑलिम्पिकची तयारी करणाऱ्या मनू भाकर हिने दिल्लीहून भोपाळला जाताना पिस्तुलांमुळे विमानात बसू दिले जात नसल्याची तक्रार समाजमाध्यमावर केली. कागदपत्रांची विचारणा नियमानुसारच होती, असे विमान कंपनीचे म्हणणे होते. तत्कालीन क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांनी लक्ष घातल्यावर ती रवाना झाली. मे २०१७ मध्ये परदेशातील स्पर्धेहून परतलेल्या भारतीय नेमबाजांना दिल्लीत सीमाशुल्क तपासणीत कित्येक तास ताटकळावे लागले होते. परदेशी जाताना शस्त्राची नोंद सीमाशुल्क विभागाकडे करून ठेवली तर परतीचा वाद टळतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा राज्यभर पेढे वाटले गेले. त्याच वाटेने निघालेल्या सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूसाठी मंत्री फोन करणार नाहीत. तिचे पालक काउंटरवर एकटेच असतील. तपासणी सैल करा, असे कुणीच म्हणणार नाही. हरवलेल्या शस्त्राची जबाबदारी मोठी आहे आणि ती मालकाने घ्यायलाच हवी. पण काय आणायचे, किती शुल्क, कोणाला आधी कळवायचे, हे प्रत्येक कंपनीने एका पानावर, मराठीतही लिहून ठेवले, तर काउंटरवरचे निम्मे वाद होणारच नाहीत. कडक पेटी पालक घेतील. कडक पण स्पष्ट नियम देणे हे विमान कंपन्यांचे आणि नागरी विमान सुरक्षा यंत्रणेचे काम आहे.