नव्या गोळीचा खर्च कुणी करायचा?

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका शेतमजुराला क्षयरोग झाला. तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, म्हणजे एमडीआर. सहा महिने कानामायसिनची इंजेक्शने आणि रोज मूठभर गोळ्या, असा दोन वर्षांचा उपचार त्याने चिकाटीने पुरा केला. क्षय बरा झाला, पण इंजेक्शनांनी कान गेले. आजही तो दवाखान्यात आला की मला खाणाखुणांनीच बोलावे लागते.

आता अशा बऱ्याच रुग्णांचे काम इंजेक्शनाशिवाय, सहा महिन्यांच्या गोळ्यांवर भागते. बेडाक्विलीन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन हा उपचार आपल्या केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला.

यातले प्रिटोमॅनिड आले कसे, हे वाचकांनी जाणून घ्यावे. क्षय हा मुख्यतः गरिबांचा रोग. त्यात नफा कमी, म्हणून रिफाम्पिसिननंतर चाळीस वर्षे क्षयासाठी नव्या प्रकारचे औषधच आले नाही. सन २००० मध्ये ‘टीबी अलायन्स’ ही ना नफा तत्त्वावरील संस्था निघाली. तिचा स्वतःचा कारखाना नाही. सरकारे व देणगीदार संस्था पैसा देतात, कंपन्या औषध बनवतात आणि ही संस्था दोघांची सांगड घालते. प्रिटोमॅनिडचे हक्क तिने २००२ मध्ये एका कंपनीकडून घेतले. दक्षिण आफ्रिकेत अतिशय चिवट क्षयाच्या १०९ रुग्णांवर तीन औषधांची चाचणी झाली, त्यांपैकी ९८ जणांना गुण आला. २०१९ मध्ये अमेरिकेने औषधाला मान्यता दिली.

लिनेझोलिडमुळे मात्र अनेकांच्या हातापायांना मुंग्या येत. म्हणून निम्म्या डोसची पुन्हा चाचणी झाली आणि तो पुरेसा ठरला. आपली गोळी कमी खपावी यासाठी कोणती कंपनी पदरचे पैसे घालील? अशा कामाला सार्वजनिक पैसाच लागतो.

माझे काही डॉक्टर मित्र म्हणतात, “जनतेचा पैसा शेवटी कंपनीच्याच खिशात जाणार.” ही भीती खोटी नाही. बेडाक्विलीनच्या चाचण्यांनाही सार्वजनिक पैसा लागला होता, तरी त्याचे पेटंट कंपनीकडेच राहिले. पेटंटची मुदत वाढवण्याच्या खटपटीला मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी हरकत घेतली. क्षयाच्या औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

म्हणून माझे मत असे : पैसा द्यावा, पण आधी लिहून घ्यावे. औषधाची किंमत गरिबाला परवडेल अशी असावी, इतर कारखान्यांना ते बनवण्याची मुभा असावी आणि चाचण्यांचे निष्कर्ष, चांगले-वाईट दोन्ही, जाहीर व्हावेत.

अशा संशोधनाला मदत करणारी अमेरिकेची ‘यूएसएड’ ही यंत्रणा २०२५ मध्ये बंद झाली. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. मग दुसऱ्याच्या दानावर आपण किती दिवस विसंबायचे? आपल्या सरकारने दरवर्षी ठरावीक रक्कम या कामासाठी बाजूला काढावी आणि अटी घालण्याचा हक्कही मिळवावा.

वाचकांना एवढेच सांगणे : दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तपासणी व औषधे तेथे मोफत आहेत. आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. चिवट क्षय बहुधा तिथूनच सुरू होतो.