डिस्क प्लेअर बाजारातून गायब होतायत, मग स्वस्तात घ्यायचा तर कोणता?

ओप्पो डिजिटलने (हो, नाव फोनवालंच) २०१८ मध्ये प्लेअरचा धंदा गुंडाळला. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणार नसल्याचं सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं, तेव्हा अनेकांना वाटलं की आता सगळंच संपलं. पण ती बातमी रेकॉर्डिंगच्या कोऱ्या डिस्कची होती, सिनेमाच्या नाही.

फोनवर सगळं दिसतं, मग डिस्क कशाला?

दोन कारणं. पहिलं म्हणजे डेटा. ४के स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस स्पीड पुरेसा म्हणतं, तर ४के ब्लू-रे डिस्क १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकते. मोठ्या टीव्हीवर अंधारातले सीन बघा, फरक लगेच कळतो.

दुसरं कारण मालकीचं. डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशनवर लोकांनी पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे शो काढून टाकणार, असं सोनीने जाहीर केलं. नंतर नवा करार झाला आणि ते शो राहिले. पण 'बाय' बटण दाबून आपण खरं तर परवाना घेतो, हे तेव्हा उघड झालं. कपाटातली डिस्क कोणी असं परत नेत नाही.

कोणता घ्यायचा?

डीव्हीडी प्लेअर सगळ्यात स्वस्त, पण ४के टीव्हीवर चित्र मऊ, पुसट दिसतं. घरात जुन्या डीव्हीडी असतील तरच घ्या. टीव्ही ४३ इंचांपर्यंतचा असेल तर माझ्या मते साधा ब्लू-रे प्लेअर पुरतो.

४के हवंय आणि बजेट कमी आहे? मग मी सेकंडहँड एक्सबॉक्स वन एस बघायला सांगेन. तो ४के डिस्क चालवतो, फक्त ब्लू-रेचं ॲप डाउनलोड करावं लागतं. पीएस४ साधी ब्लू-रे चालवतो, ४के नाही. घेताना स्वतःची डिस्क सोबत न्या आणि निदान अर्धा तास चालवून बघा.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी तपासा

१. रीजन: साध्या ब्लू-रेसाठी भारत 'सी' रीजनमध्ये येतो, अमेरिका 'ए' आणि ब्रिटन 'बी'. अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेली 'ए' लॉकची डिस्क इथल्या प्लेअरवर अडू शकते. ४के डिस्कना ही भानगड नाही.

२. व्होल्टेज: बाहेरून प्लेअर मागवत असाल तर त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का, ते बघा. फक्त ११०-१२० असेल तर आपल्या सॉकेटला थेट लावू नका.

३. आवाज: साउंडबार फक्त ऑप्टिकल केबलवर असेल तर डिस्कवरचा अ‍ॅटमॉस मिळणारच नाही. जुना एव्ही रिसीव्हर ४के पुढे पाठवत नसेल, तर दोन एचडीएमआय आउटपुटचा प्लेअर घ्या, उदाहरणार्थ सोनी यूबीपी-एक्स७००. एक केबल टीव्हीला, दुसरी रिसीव्हरला.

माझं मत

आधी पुन्हा पुन्हा बघाल अशा दहा सिनेमांची यादी करा आणि त्यांच्या डिस्क मिळतात का ते शोधा. यादी भरली तर प्लेअर आत्ताच घ्या, कारण बनवणारे कमी होतायत. यादी तीनवरच अडली तर तेच पैसे चांगल्या साउंडबारवर घाला.