शिधा आणि शिधापत्रिका

दानपेटीतला पैसा गरिबाच्या ताटापर्यंत पोचतो, हे पुण्याच्या बुधवार पेठेला नवे नाही. दगडूशेठ हलवाई गणपतीचा ट्रस्ट ससून रुग्णालयात रुग्णांसाठी जेवण पुरवतो, रुग्णवाहिका चालवतो. माझे मागणे त्याच्या पुढचे आहे. त्याच मंदिरापासून चालत काही मिनिटांवर देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वस्ती आहे. २०२०च्या टाळेबंदीत त्यांची कमाई एकाएकी थांबली आणि पोटाचा प्रश्न कागदापाशी येऊन अडला. गावचा पत्ता द्यायची सोय नाही, भाड्याच्या खोलीची पावती नाही. मग शिधापत्रिका मिळणार कशी? अखेर त्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की ओळखपत्राचा आग्रह न धरता या स्त्रियांना कोरडा शिधा द्या. राज्य सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी दरमहा पाच हजार रुपये मंजूर केले, शाळकरी मुले असलेल्यांना आणखी अडीच हजार. पत्त्याच्या पुराव्याविना आधार कार्ड मिळण्याची वाट मात्र मे २०२२ मध्ये मोकळी झाली, तीही न्यायालयाच्याच आदेशाने.

धर्माने शिकवलेल्या दानाचे मोल अशा वेळी कळते. पंगतीला बसणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही, लंगरमध्येही नाही. पण आज वाढले तसे उद्या वाढतीलच, याची हमी त्या पानावर बसलेल्याला नसते. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचे धान्य हक्काचे आहे. नाकारले तर दाद मागता येते. म्हणून पेठेतल्या देवस्थानांनी आणि मंडळांनी शिधा वाटावाच, पण आपली माणसे आणि आपला शब्द या स्त्रियांचे कागद होण्यासाठीही खर्ची घालावा. अर्ज भरून द्यावा, कचेरीत सोबत जावे, परत पाठवले तर पुन्हा जावे. घेणाऱ्याला पुढच्या वेळी हात पसरावा लागू नये, हे दानाचे सर्वांत मोठे रूप आहे, असे मला मनापासून वाटते.

भक्तांनी पैसा पूजेसाठी दिला, बाकीचे सरकारने पाहावे, असे कोणी म्हणेल. पण सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५०चा आपला कायदाच धर्मादाय उद्देश सांगताना गरिबी आणि हालअपेष्टांचे निवारण आधी मोजतो, आणि निव्वळ पूजेपुरता उद्देश त्या व्याख्येबाहेर ठेवतो. दुसरा आक्षेप मोठ्याने घेतला जात नाही: देवाचा पैसा अशा बायकांसाठी? मंगळवेढ्याच्या गणिकेची लेक कान्होपात्रा हिला वारकऱ्यांनी संत मानले, पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात तिचे स्थान आजही दाखवतात. तिच्यापुढे हात जोडून बुधवार पेठेतल्या बाईकडे पाठ फिरवता येत नाही. राहिली गोष्ट जमेल का याची. गणेशोत्सवाच्या मांडवासाठी या मंडळांचे कार्यकर्ते दरवर्षी पोलिसांचे आणि महापालिकेचे परवाने काढतात. कोणत्या खिडकीवर कोणता अर्ज लागतो, हे त्यांच्याइतके या पेठेत कोणाला ठाऊक आहे?