तोफा जुनाट नव्हत्या

संपादक महाशय,

मराठे जुनाट शस्त्रांमुळे इंग्रजांकडून हरले, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे आम्हा उज्जैनकरांना तरी पटणारे नाही. उज्जैन राजधानी असलेल्या महादजी शिंद्यांनी युरोपीय अधिकारी द बॉयनकडून कवायती पलटणी उभारून घेतल्या, आग्र्याला तोफा ओतवल्या. १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे घराण्याच्या तोफखान्यापुढे इंग्रज सेनानी वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. खोट होती ती परक्या अधिकाऱ्यांवर विसंबण्यात. ऐन युद्धात शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ यानेच इंग्रजांचा आश्रय घेतला! आजही तेच: तेजस लढाऊ विमान आपले, इंजिन मात्र अमेरिकेचे. २०२१ मध्ये मागवलेली ९९ इंजिने वेळेवर न आल्याने विमाने रखडली. शस्त्रकरारांच्या किमतीपेक्षा अशा परावलंबनावर आपण लेख छापावेत, ही विनंती.

– एक वाचक, उज्जैन