लांब शब्दाची फोड करून बघा



पंचेचाळीस अक्षरांचा इंग्रजी शब्द एका दमात म्हणणारा मुलगा फार हुशार, असे आपल्याकडे समजतात. पाहुणे आले की त्याला पुढे करतात. तो हाताची घडी घालून ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस’ असे धडाधड म्हणतो आणि टाळ्या पडतात. पण ‘ह्याचा अर्थ काय रे बाळा?’ असे कुणी विचारत नाही. माझे मत असे की, आधी हे विचारावे आणि मग टाळी वाजवावी.

अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या एका मंडळाच्या अध्यक्षांनी १९३५ साली हा शब्द मुद्दाम लांबलचक जुळवला. पण त्याची फोड केली तर तो साधा आहे. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रा म्हणजे पलीकडचे, मायक्रोस्कोपिक म्हणजे डोळ्याला न दिसणारे बारीक, सिलिको म्हणजे वाळूत आणि गारगोटीत असते ते सिलिका, व्होल्केनो म्हणजे ज्वालामुखी आणि शेवटचे कोनिओसिस म्हणजे धुळीने होणारा रोग. दगडाची बारीक धूळ छातीत जाऊन होणारा हा आजार. डॉक्टर त्याला नुसते सिलिकोसिस म्हणतात. दगडखाणीत आणि खडी फोडण्याच्या कामावर राबणाऱ्या माणसांना तो होतो. म्हणजे टाळ्या घेणारा शब्द खरे तर कुणाच्या तरी खोकल्याचा आहे!

मराठीच्या तासाला आपण समासाचा विग्रह करतोच की. मग इंग्रजीच्या तासाला शब्द अख्खाच्या अख्खा कामून गिळायचा? जिऑलॉजी, जिऑग्राफी, जिऑमेट्री हे तीन शब्द बघा. सुरुवातीची अक्षरे तिन्हींत सारखी, जी, ई, ओ. जिओ हा मूळचा ग्रीक, त्याचा अर्थ पृथ्वी. (मोबाइलवाले जिओ वेगळे. त्याचे स्पेलिंग जे पासून सुरू होते.) ग्राफी म्हणजे लिहिणे, मेट्री म्हणजे मोजणे. आता आपला शब्द घ्या, भूमिती. भू म्हणजे पृथ्वी, मिती म्हणजे मोजणे. जिऑमेट्री आणि भूमिती अगदी एकाच साच्यातून काढल्यासारखे! ज्याला भूमिती कळली, त्याला जिऑमेट्रीची भीती वाटायचे काही कारणच नाही.

आपल्या तालुक्याला तर असे शब्द फार दुःखातून कळले. किल्लारी आपल्याच औसा तालुक्यातले गाव. १९९२ साली तिथे लहान लहान धक्के बसले होते. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास मोठा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते, लोक गाढ झोपेत होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर आले. हजारो माणसे गेली. त्यानंतर शास्त्रज्ञ आले, यंत्रे आली, आणि त्यांच्याबरोबर सिस्मॉलॉजी, सिस्मॉलॉजिस्ट, सिस्मोग्राफ, सिस्मोमीटर हे शब्दही आले.

ह्या चारही शब्दांत पहिली सहा अक्षरे तीच, एस, ई, आय, एस, एम, ओ. ग्रीक भाषेत सिस्मॉस म्हणजे हादरा. लॉजी म्हणजे शास्त्र, लॉजिस्ट म्हणजे ते शास्त्र जाणणारा. ग्राफ म्हणजे रेघ ओढून लिहिणारे यंत्र आणि मीटर म्हणजे मोजणारे. एक सिस्मो कळला की चार शब्द आपोआप सुटतात. शिवाय मीटर हाती लागला की थर्मामीटर, बॅरोमीटर, स्पीडोमीटर हेही सुटतात. आमची आजी भूकंपाला धरणीकंप म्हणते. धरणी आणि कंप! इंग्रजी अर्थक्वेकमध्येही अर्थ म्हणजे धरणी आणि क्वेक म्हणजे कंप. आजी शाळेत गेलेली नाही, तरी तिच्या शब्दाची फोड इंग्रजीशी बरोबर जुळते.

कुणी म्हणेल, स्पेलिंग पाठ केल्याशिवाय कसे येईल? खरे आहे, पाठ करावेच लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे लहान मुलांवरही पाठांतर येते. पण बारा अक्षरांचा सिस्मॉलॉजिस्ट एका घासात घशाखाली उतरत नाही. सहा आणि सहा असे दोन घास केले तर उतरतो.

फोड करताना थोडे जपून मात्र. सारखी अक्षरे दिसली म्हणून अर्थ सारखाच असतो असे नाही. अपॉलॉजीच्या शेवटीही लॉजी आहे, पण ते शास्त्र नव्हे, माफी आहे. मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ बोलणे असाही होतो आणि अपॉलॉजी तिकडून आला. भूकंपाच्या बातमीतला ‘रिश्टर’ तर फोडूच नका. ते चार्ल्स रिश्टर ह्या शास्त्रज्ञाचे आडनाव आहे.

ह्या भित्तिपत्रकाच्या खाली एक कोरा कागद लावला आहे. त्यावर टेली, ग्राफ, मीटर आणि लॉजी असे चार रकाने आखले आहेत. टेली म्हणजे दूर, एवढे सांगून ठेवते. ज्याला जो शब्द सापडेल त्याने तो रकान्यात लिहावा, आणि शेजारी मराठीत अर्थही लिहावा. पालकांनीही लिहावे. अर्थ न लिहिलेला शब्द मी खोडरबराने पुसून टाकणार आहे.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी